केरळला, धसईमार्गे

चार वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांशी एक खोटं बोललो आणि ते डॉक्टरांच्या तोंडी घातलं. या दिवाळीपर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. पत्नीला नाही, मुलीला नाही, आणि एकांतात स्वतःलाही पुऱ्या शब्दांत नाही. खोटं एका वाक्यात मावणारं होतं. ‘आबा, डॉक्टरांनी सांगितलंय, तासाभराच्या वर गाडीत बसायचं नाही.’ डॉक्टर असं म्हणाले नव्हते. शहापूरच्या दवाखान्यात त्यांनी आबांचा गुडघा दाबून पाहिला, रक्तदाब मोजला आणि आबा दाराबाहेर गेल्यावर मागून हसून म्हणाले, “आजोबा, हिंडतेफिरते राहा. बसून राहिलात तर गंजाल.” आबा तेव्हा बाहेरच्या बाकाखाली चपला शोधत होते. त्यांनी ते ऐकलं नाही, आणि ऐकलं नाही हे माझ्या लक्षात आलं. पुढचं सगळं त्या लक्षात येण्यातून घडलं.

कार्तिक लागला की ते वाक्य माझ्याकडे परत येतं. सकाळी तानसा तलावाच्या अंगाने धुकं सरकत येतं, उन्हं चढली की ते शेणाने सारवलेल्या खळ्यावरून उठतं, आणि भाताच्या पेंढ्या लाकडी बाकावर आपटल्याचे ठोके एका गावातून दुसऱ्या गावापर्यंत ऐकू जातात. झोडणीचं तूस मानेवर बसतं आणि दिवसभर खाजत राहतं. किन्हवलीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या एका बाजूला भात वाळत घातलेलं असतं. गाड्या त्याला वळसा घालून जातात, कुणी तक्रार करत नाही. रस्ता केवळ पोचण्यासाठी असतो असं आमच्या भागात कुणाला वाटत नव्हतं. तो धान वाळवण्यासाठी होता, उभं राहून बोलण्यासाठी होता, हात दाखवून कुणाच्याही गाडीत बसण्यासाठी होता.

याच दिवसांत विमानंही फार दिसतात. पावसाळी ढग गेलेले असतात आणि मुंबईला उतरणारी विमानं आमच्या डोक्यावर येईतो बरीच खाली आलेली असतात. आबा सूप हातात धरून वाऱ्याची वाट पाहत उभे असत. एकदा त्यांनी विमान नजरेआड होईपर्यंत मान वळवली आणि मला विचारलं, “त्यांना आपलं खळं दिसत असंल का रे?”

“ठिपक्याएवढं दिसत असेल.”

“मंग खिडकीत कशाला बसतात?”

मी शाळेत भूगोल शिकवतो. तीस वर्षं शिकवत आलो आहे. असा प्रश्न मला एकाही मुलाने विचारलेला नाही.

प्रवासाचं बी मीच पेरलं होतं, हे इथे नोंदवायला हवं. एका सुट्टीत सहज बोलता बोलता मी आबांना सांगितलं की केरळात समुद्राच्या पातळीहून खाली भातशेती होते. ते जेवत होते. हातातला घास तसाच राहिला.

“समुद्राच्या खाली भात?”

“पातळीच्या खाली. बांध घालतात, पाणी उपसतात आणि लावतात.”

“आरं पन बांध कसला? मातीचा का दगडाचा? खारं पानी शिरत नाय?” आणि मग, बऱ्याच वेळाने, भाताकडे बघत, “येवढं मोठं काम कोनी तरी केलंय, नी आमी बगितलं नाय.”

त्या दिवसापासून त्यांचं ठरलं. केरळला जायचं, आणि गाडीने जायचं. आधी धसईला बहिणीकडे भाऊबीज, तिथून माळशेज चढून जुन्नर, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, मग घाट उतरून समुद्राच्या काठाकाठाने खाली. माझ्या शाळेतला एक जुना नकाशा त्यांनी मागून घेतला. तो ओटीवर पसरून ते बोट फिरवत आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारत: इथे भात कुठलं? कापणी कधी? पेंढा गुरांना घालतात की जाळतात? आमच्याकडचे जुने शेतकरी परगावी रिकाम्या हाताने जात नाहीत. आपल्या बियाण्याची एक मूठ नेतात आणि तिथल्या बियाण्याची एक मूठ आणतात. आबा म्हणत, “बी हिंडतं राहिलं पायजे. एका जागी राहिलं की भात आळशी व्हतं.” जुन्या धोतराचे चौकोन फाडून त्यांनी झिनी जातीच्या भाताच्या नऊ पुरचुंड्या बांधल्या. वाटेत नऊ जागी थांबायचं होतं.

मला मात्र नवव्या जागेपर्यंतची सगळी लाज आधीच दिसू लागली होती.

दिवाळीच्या सुट्टीत माझे मेहुणे शरद आणि त्यांचं कुटुंबही आमच्याबरोबर येणार होतं. ते ठाण्याला राहतात; मनाने उमदे, पण थट्टेला धरबंध नाही. आमच्या शहापूरच्या घरी बेत ठरवायला बसलो तेव्हा त्यांनी मोबाइलवर विमानांच्या वेळा काढल्या होत्या. आबांचा मार्ग मी सांगितला तसे ते खो खो हसले. “भाऊजी, प्रत्येक बांधावर उतरायचं म्हणजे या दिवाळीला निघालो तर पुढच्या दिवाळीला पोचू! आणि तिथं जाऊन करायचं काय, तर पुन्हा भातच बघायचं? तुमच्या घरी कमी आहे का?”

सगळे हसले. मीही हसलो.

या हसण्याकडे मी पुष्कळदा परत गेलो आहे. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे जे चित्र आलं ते मी आज लपवणार नाही. कुठल्याशा परक्या जिल्ह्यात, हमरस्त्याच्या कडेला, आबा उकिडवे बसले आहेत, मातीचं ढेकूळ फोडून वास घेत आहेत, अनोळखी माणसाला आमच्या बोलीत मोठ्याने काही विचारत आहेत, आणि शरदरावांची मुलं गाडीच्या काचेआडून ते चित्रित करत आहेत. मला वेळ वाचवायचा नव्हता, श्रमही नव्हते वाचवायचे. ज्या माणसाने मला वर्गात उभं राहण्याइतकं शिकवलं, त्याच्या उकिडवं बसण्याची मला लाज वाटली. विमानात कुणी उकिडवं बसत नाही. सगळे पट्टे बांधून एका दिशेला तोंड करून बसतात. मला ते हवं होतं.

आबांना विमानाचं विचारून पाहिलं होतं. “ढगाला काय बांध असतो? काय बगू मी?” म्हणाले. म्हणजे ते विमानाने येणार नाहीत हे मला ठाऊक होतं. गाडीची वाट बंद केली की काम झालं.

आणि मी ती बंद केली. दवाखान्यातून परतताना, आमच्या गावच्या फाट्यापाशी, पुढे बघत, गाडी चालवता चालवता मी ते वाक्य बोललो. आबांनी खिडकीची काच खाली केली. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “एस्टीत पन नाय?”

इथे थांबता आलं असतं. माझं काम झालं होतं. पण खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं उघडं पडेल ही धास्ती असते, म्हणून तो त्याला आणखी एक टेकू लावतो. मी म्हणालो, “एस्टीत तर मुळीच नाही, आबा. दणके बसतात.”

“बरं,” ते म्हणाले. “डॉक्टर बोल्ले म्हंजे झालं.”

आम्ही विमानाने गेलो. दोन तासांहून कमी वेळात केरळात उतरलो. त्या शेतांपाशीही गेलो. होडीतून, नारळाचं पाणी पीत. पाण्याच्या खाली हिरवा तळ दिसावा तशी ती शेतं दिसली आणि मी हातातला मोबाइल उंच धरून, मागे शेत येईल असा, आम्हा सर्वांचा फोटो काढला. घरी परतल्यावर आबांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. “तुमी सगळे चांगले आलेत,” म्हणाले. “बांध कसला व्हता रे? मातीचा का दगडाचा?”

मी पाहिलंच नव्हतं.

“मातीचा,” मी म्हणालो. दुसरं खोटं पहिल्याहून लहान होतं, आणि अधिक सहज आलं.

आता त्या टेकूविषयी. किन्हवलीहून धसईला जायचं म्हणजे मुरबाडला एस्टी बदलावी लागते. स्वतःची गाडी असली तरी आमच्या आतल्या गावातून निघून तासाभरात पोचणं होत नाही. हा हिशेब मी खोटं बोलताना केला नव्हता, आबांनी केला. धसईला त्यांची एकुलती धाकटी बहीण राहते, माझी तारा आत्या. तिच्या लग्नापासून एकही भाऊबीज आबांनी चुकवली नव्हती. नव्या तांदळाची एक पिशवी, एक साडी, आणि अंगात तो एकच पांढरा सदरा. बैलगाडीने गेले, ट्रकच्या टपावर बसून गेले, तापात गेले. चार वर्षांपूर्वी ते थांबले. दरवर्षी बाजाराला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती तांदूळ पाठवत आणि निरोप देत: खळ्यावर भात पडलंय, पुढच्या साली येतो. डॉक्टरांचं नाव त्यांनी घेतलं नाही. बहिणीला घोर नको म्हणून.

आणि त्या प्रत्येक भाऊबिजेला मी कुठे होतो? पहिल्या वर्षी केरळात. नंतरची तिन्ही वर्षं मी माझ्या पत्नीला, सुमनला, गाडीत घालून तिच्या भावाकडे ठाण्याला नेत होतो.

गेल्या वर्षी तुळशीची लग्नं झाल्यावर एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नासाठी धसईला जाणं झालं. आत्याकडे डोकावलो. तिने चहा ठेवला, पाठमोरीच बोलत राहिली. “मास्तर झालास, मानसं शिकवलीस. आता मला सांग. भाऊ जित्ता हाय नी मी औंदा चांदोबाला ओवाळलं. आळीतल्या बाया बगत व्हत्या. काय सांगू त्यांना, भावाला भात जड झालंय बहिनीपरीस?”

ज्यांना भाऊ नसतो त्या बायका भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात. त्या संध्याकाळी चंद्र नखाएवढा असतो, मावळतीला थोडा वेळ टेकतो आणि जातो. तेवढ्या वेळात तबक घेऊन अंगणात उभं राहायचं. भाऊ असताना, तीस-बत्तीस मैलांवर असताना, आत्या तशी उभी राहिली होती.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी चहा प्यायलो. कप विसळून उपडा घातला. एवढंच केलं.

म्हणून यंदा माझी मुलगी मुक्ता फोनवर म्हणाली, “बाबा, पुन्हा केरळला जाऊ या का? शरदमामाही तयार आहे. सकाळचं विमान घेतलं तर दुपारी जेवायला तिथे,” तेव्हा मी जे उत्तर दिलं त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. माझा आवाज चढत नाही. मागच्या बाकांवर पोचत नाही अशी मुलांची जुनी तक्रार आहे. त्याच आवाजात मी म्हणालो, “जायचं. पण मी विमानाने येणार नाही. गाडीने जायचं, आणि आबांना घेऊन.”

“बाबा, तीन दिवस जातील नुसते रस्त्यात!”

“जाऊ देत.”

“आणि धसई कशाला मध्ये? मॅप बघा ना, ती आडवाटेला आहे.”

“मॅप मी तुझ्या जन्माआधीपासून बघतो आहे,” मी म्हणालो. “धसई वाटेवरच आहे.”

शिक्षकखोलीत हसणं झालं. ‘सर, या वयात कंबर सांभाळा.’ ‘सर, पेट्रोल आणि हॉटेलं धरली तर विमान परवडतं.’ शरदरावांनी फोन केला: “भाऊजी, हे काय खूळ? आमच्याबरोबर दोन तासांत चला, उरलेला वेळ मजेत घालवा.” मी सर्वांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंही मानलं नाही. आजही मानत नाही. दोन ठिकाणांमधला प्रदेश म्हणजे वाया जाणारा वेळ, हा जो समज आपण सगळ्यांनी मिळून करून घेतला आहे, तो मला अमान्य आहे. त्या मधल्या प्रदेशातच तर आम्ही राहतो. शहापूर आणि मुरबाड हे कुणाचंच पोचण्याचं ठिकाण नाही. आमचं पाणी शहरात पोचतं, आमची मुलं शहरात पोचतात, आमच्यावरून विमानं पोचतात, आणि आता आमच्या शेतांतून असा रुंद रस्ता गेला आहे की ज्यावर थांबण्याची मुभा नाही. जो भूगोल मी शिकवला त्यात प्रत्येक गावाला माती होती, पाऊस होता, पीक होतं. त्यातलं काहीही वरून दिसत नाही. ते दिसायला थांबावं लागतं, उतरावं लागतं, आणि होय, उकिडवं बसावं लागतं. ज्याला याची लाज वाटते त्याने खुशाल उडावं. मी त्याला नावं ठेवणार नाही. मी तो माणूस होतो.

पण आबांनीच नकार दिला.

नरकचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो आणि मी ओटीवर बेत सांगितला. त्यांचे डोळे क्षणभर नकाशावर फिरावेत तसे फिरले. मग ते शांतपणे म्हणाले, “तुमी जावा. मला डॉक्टरांनी नाय बोललंय.”

सुमनने मला बाजूला घेतलं. तिला खरं ठाऊक नव्हतं. “अहो, सांगून टाका ना, आता डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून. म्हाताऱ्या माणसाला आनंद होईल.” मुक्ता म्हणाली, “डॉक्टरांकडून चिठ्ठीच आणते.” किती सोपं होतं! एका खोट्याने लावलेलं दार दुसऱ्या खोट्याने उघडायचं, आणि दार लावलं कुणी हे कुणालाच कळायचं नाही. मला मोह झाला नाही असं म्हटलं तर ते तिसरं खोटं ठरेल. पाडव्याचा सगळा दिवस मी तो मोह खिशात घेऊन हिंडलो.

त्या संध्याकाळी गावी आबांजवळ राहणारी माझी भावजय माजघरातून एक जुनी पिशवी घेऊन आली आणि हसत म्हणाली, “भावजी, आबांची गंमत दावते. दर साली भात झोडलं की नऊ पुरचुंड्या बांधतात. कुटं जायाचं नाय, यायाचं नाय. जेठात सोडतात नी राबात रोपांसाठी पेरून टाकतात. कार्तिकात परत बांधतात.” पिशवीत नऊ गाठी होत्या. धोतराचं कापड यंदाच फाडलेलं होतं. डॉक्टरांपुढे मान तुकवणाऱ्या त्या माणसाने आपलं बी मात्र चारही वर्षं प्रवासाला तयार ठेवलं होतं.

भाऊबिजेच्या सकाळी आबा खळ्यावर उफणत होते. वारा चांगला होता. पोचट पोल एका बाजूला उडत होतं आणि दाणे त्यांच्या पायांशी पडत होते. मी खळ्याच्या कडेला चपला काढल्या.

“आबा, डॉक्टर तसं म्हणाले नव्हते.”

सूप थांबलं नाही. “कसं?”

“गाडीत बसू नका असं. ते म्हणाले होते, हिंडतेफिरते राहा.”

“मंग नाय कोन बोल्लं?”

“मी.”

सूप थांबलं. त्यातले उरलेले दाणे त्यांनी हळूच राशीवर सोडले. “एस्टीचं पन?”

“एस्टीचंही मीच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आकाशातून त्या वेळी एक विमान उतरत चाललं होतं. त्याच्याकडेही पाहिलं नाही. सूप राशीवर उपडं घातलं, पायाचं तूस झटकलं आणि घरात गेले. मी तिथेच उभा राहिलो. वाटलं, आता ते बाहेर येणारच नाहीत. ते आले तेव्हा अंगात पांढरा सदरा होता, एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात नऊ गाठींची. गाडीचं पुढचं दार त्यांनी स्वतः उघडलं.

“चल,” म्हणाले. “आदी धसई.”

आम्ही मुरबाडच्या दिशेने निघालो. सुमनने आणि मुक्ताने खळ्यावरचं सगळं ओटीवरून ऐकलं होतं. मागच्या सीटवरची त्यांची शांतता मला माझ्या मानेवर जाणवत होती, तुसासारखी. मुरबाडच्या पुढे एका कापलेल्या शेताजवळ आबांनी हात वर केला. मी गाडी थांबवली. ते उतरले, उकिडवे बसले, ढेकूळ फोडलं, वास घेतला. मीही उतरलो. त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो. गुडघे कडकन वाजले. हातातलं अर्धं ढेकूळ त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

धसईला आत्या अंगणात होती. गाडीतून उतरणाऱ्या माणसाला तिने ओळखलं आणि पदर तोंडाशी धरला. मग लगेच तो सोडून कमरेवर हात ठेवले. “कोन तुमी? पत्ता चुकला काय? हितं कोनाचा भाऊ येत नाय.”

“तारे, पाट मांड,” आबा म्हणाले. “भूक लागलीय.”

“चार साल उपाशी व्हतास का, दादा? कुटं अडला व्हतास?”

आबांनी पाय धुतले, पाटावर बसले, टोपी नीट केली. मग सहज म्हणाले, “डॉक्टरांनी मना केल्तं गो. लांब जायाचं नाय बोल्लेले. तुला घोर नको म्हून नाय कळवलं. आता मोकळं केलंय.”

त्यांचा आवाज जराही हलला नाही. माझं खोटं त्यांनी उचललं होतं, अंगावरचं उपरणं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकावं तसं माझ्यावर पांघरलं होतं. मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. सुमनने पाहिलं नाही. आत्या निरांजनाची वात पुढे सारत पुटपुटली, “मेले डॉक्टर.” मी गप्प राहिलो असतो तर कुणीच काही बोललं नसतं. आबांनी मला सोडवलंच होतं. त्यांचं मन मोडून बोलायचं म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या शब्दाला उलट जाणार होतो.

पुढच्या प्रवासाचं मी लिहिणार नाही. बांध मातीचा की दगडाचा, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने आबांना विचारावं. मला फक्त तो क्षण लिहायचा होता: तबक आत्याच्या हातात, वात पेटलेली, आबांच्या कपाळावर ओलं कुंकू. मी पाटाजवळ गेलो आणि मागच्या बाकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “आत्या, आबा माझ्यासाठी खोटं सांगतायत. डॉक्टरांनी काही मना केलं नव्हतं. मला आबांना गाडीतून न्यायची लाज वाटली, म्हणून ते मी रचलं. तुझ्या चार भाऊबिजा मी खाल्ल्या, आणि गेल्या साली तू चंद्राला ओवाळलंस हे तुझ्या तोंडून ऐकूनही मी गप्प बसलो. आबा, आत्या, माझं चुकलं. मला माफ करा.”